वैजूच्या पेडलांची ट्रायल

"वकीलसाहेब, तुमचा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसत नाही. पण मी एकदा सकाळी सहाला सायकलवर टांग टाकली, ती दुपारी एकपर्यंत पाय म्हणून जमिनीला लावला नाही!"

निंबाळकर वकिलांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. "सात तास?"

"सात. वर दहा मिनिटं होती, ती मी सोडून देतो. उगीच कुणी म्हणायला नको, आप्पा ननावरे वाढवून सांगतो."

कोपऱ्यात स्टँडला चाक लावून त्याच्या तारा ओढत बसलेली माझी मुलगी वैजू खाकरली. घशात काही अडकलं म्हणून माणूस खाकरतो, तसं नव्हतं ते. पण मी तिकडं बघितलं नाही.

दुकान वैजूचं. साताऱ्यात डोंगरात चालवायच्या सायकली घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, तर माणसं तिच्याकडं येतात. मी नुसता स्टुलावर बसतो. म्हणजे बसावं अशी तिची इच्छा असते. वकिलांनी पन्नाशीला नवी सायकल घेतली होती आणि त्या सकाळी ते आयुष्यातलं पहिलं क्लिपचं पेडल निवडायला आले होते. बुटाच्या तळव्याला लोखंडाची एक लहान पट्टी असते, तिला क्लीट म्हणतात. ती पेडलच्या जबड्यात खट्‌कन बसते. मग दगडधोंड्यांत पाय उडत नाही, चढाला पाय वर ओढतानाही जोर मिळतो. सुटायचं झालं तर टाच बाहेर फिरवायची. फिरवायची आठवण राहिली तर.

काउंटरवर वैजूनं तीन जोड मांडून ठेवले होते. एक, एका अंगानं साधं सपाट आणि दुसऱ्या अंगाला जबडा. दुसरं, दोन्ही अंगांना जबडा आणि त्याची पकड कमीजास्त करायला मागं बारीक स्क्रू. तिसरं नुसत्या चार तारांच्या फुलासारखं, त्याला स्क्रूबिक्रू काही नाही.

"मला एवढंच सांगा," वकील म्हणाले, "यातलं कुठलं घेऊ? शुक्रवारी माझी तारीख आहे. लंगडत उभा राहिलो तर अशील पळून जाईल."

"ते सपाटवालं घ्या," वैजू चाकावरची नजर न काढता म्हणाली.

"वैजू दुकानदार आहे, मी फिटर आहे," मी म्हटलं आणि मधला जोड उचलला. "फिटरचं ऐका. ज्याला स्क्रू आहे, ते आपल्या हातात आहे. ज्याला नाही, ते देवाच्या."

"आप्पा, ते खाली ठेवा."

"ठेवतो गं. नुसतं दाखवतोय."

"एलन की पण ठेवा."

स्क्रू फिरवायची ती एलन की कधी माझ्या हातात आली ते मलाच कळलं नव्हतं. ठेवली. पण मग बसवेना, म्हणून उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. वकील म्हणाले, "आप्पा, ते सात तासांचं राहिलं."

आता विचारलंच आहे, तर सांगायला नको?

सोळा वर्षांमागची गोष्ट. मला रिटायर होऊन चार महिने झाले होते. चौतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत पाना फिरवलेला हात, तो घरी आल्यावर गप बसतोय होय? घरातल्या सगळ्या बिजागऱ्या मी दोनदा आवळल्या. नळ आवळले. कुकरचा दांडा असा आवळला की वैजूची आई म्हणाली, "आता माझ्या डोक्याचा स्क्रू तेवढा राहिलाय, तोही बघून घ्या." रात्री अंथरुणावर पडलो तरी बोटं चालायची. आमच्या खात्यात एकच शिकवण होती. सैल नट म्हणजे अपघात.

वैजू तेव्हा एकोणीस वर्षांची. यवतेश्वरच्या डोंगरात ती अशी सायकल मारायची की शेळ्या वाट सोडून उभ्या राहायच्या. त्या मार्चात राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत होती. जिल्ह्यातल्या तीन मुली घेणार होते. त्या गटात बसायचं तिचं शेवटचं वर्ष. संघात गेली तर पुढं खेळाडूंच्या जागेवर नोकरी, नाहीतर बी.ए. करून घरी. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, म्हणून घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं.

"एकच अडचण होती, वकीलसाहेब. बाकीच्या सगळ्या मुली क्लिपवाल्या. आमची कॅनव्हासच्या बुटात, साध्या पेडलवर. उताराला दगड आले की पाय उडायचा आणि नडगी सोलून निघायची."

"मग तुम्ही क्लिपा आणल्या."

"आणल्या! पुण्याला गेलो आम्ही दोघं. दुकानदार भालेराव म्हणून होते, बारीक आवाजाचे. असेच तीन जोड मांडले त्यांनी समोर. वैजूनं कुठला उचलला असेल?"

"सपाटवाला," वकील म्हणाले.

"बरोबर. म्हणाली, 'आप्पा, नको वाटलं तर उलटं करून साध्यासारखं चालवता येईल, हेच घेऊ.' मी म्हटलं, अर्धं लग्न करतेस होय? एक अंग सासरी, एक अंग माहेरी? करायचं तर पुरतं. आणि स्क्रूवालं घेतलं."

"ती काय म्हणाली?"

कोपऱ्यातला तार ओढायचा आवाज थांबला आणि लगेच परत सुरू झाला.

"ती काय म्हणणार? मी चौतीस वर्षांचा फिटर. भालेराव तेवढे म्हणाले, 'काका, स्क्रू आधी पार सैल ठेवा, पंधरा दिवस गवतावर पडू दे पोरीला.' आमच्याकडं पंधरा दिवस कुठले? गुरुवारी घरी आलो, रविवारी निवड. शुक्रवारी सकाळी अंगणात सायकल उलटी केली, पेडलं बसवली आणि मग तो स्क्रू बघितला. एवढासा. फिरवला की टक्‌ वाजतो. किती गोड वाजतो म्हणून सांगू! टक्‌, टक्‌, टक्‌. फिरवत गेलो. फिरायचा थांबला तेव्हाच मी थांबलो."

"म्हणजे पुरता आवळलात?"

"सवय, साहेब. हात त्याच्या धंद्यावर गेला."

वकिलांनी दुसरा जोड उचलून डोळ्यांजवळ नेला, स्क्रूकडं बघितलं आणि जरा लांब ठेवला. "पुढं?"

"पुढं काय? आमच्या डेपोत ज्यानं ब्रेक बांधले, त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं अशी पद्धत. मेला तर आधी तो मरेल! म्हणून पोरीच्या हातात सायकल द्यायच्या आधी मीच बूट चढवले आणि निघालो."

"बूट कुणाचे?"

वकील माणूस हा असा. आपण डोंगर दाखवतोय आणि तो खालचा खडा उचलतो.

"वैजूचेच. बोटं मुडपून घातले. तर बोगद्यातनं बाहेर पडलो, चढ लागला, आणि काय सांगू, पाय पेडलला असे शिवल्यासारखे! घाट निम्मा कधी झाला कळलं नाही. तिथं एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन उभी. म्हणाली, 'पावणं, टाइम काय झाला?' घड्याळ बघायला थांबावं म्हणून मी टाच फिरवली. सुटेना. डावी फिरवली. सुटेना. दोन्ही फिरवल्या. जबडा म्हणतोय, बस लेका."

"मग पडला असाल."

"पडतोय कशाला? थांबलो असतो तर पडलो असतो. म्हणून थांबलोच नाही! म्हातारीभोवती एक चक्कर मारली, सव्वासहा म्हणून सांगितलं आणि तसाच वर."

वकील हसले. त्यांना हसताना बघून मला हुरूप आला आणि मी परत उठून उभा राहिलो.

"वर देवळाशी आलो. म्हटलं, इथं कुणीतरी धरेल. पुजारी आंघोळ करून ओलेत्यानं निघालेला. मी देवळाला चक्कर मारत ओरडतोय, 'गुरव, धरा मला!' तो म्हणाला, 'प्रदक्षिणेत शिवू नये.' अकरा प्रदक्षिणा झाल्या. बाराव्याला त्यानं माझ्या कपाळाला गुलाल लावला, तोही चालत्या सायकलीवर, आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. नवस फेडतोय असं वाटलं त्याला."

"आणि चहा?"

"चहा घेतला ना! टपरीवाला शेजारनं पळत होता. दोन घोट मी, एक घोट रस्ता. कप परत द्यायला चार चकरा माराव्या लागल्या."

"आप्पा," वैजू म्हणाली, "मागल्या वेळी टपरी नव्हती."

"तेव्हा साखर कमी होती म्हणून सांगितलं नव्हतं. मग पुढं कासच्या रस्त्यावर म्हशी. आडव्या. सगळा रस्ता भरलेला. आता झाली का पंचाईत? पण माझं डोकं चाललं. एका म्हशीच्या पाठीवर हात टेकला आणि तिच्याबरोबर तिच्या चालीनं निघालो. अर्धा मैल! तिनं एकदा मान वळवून बघितलं माझ्याकडं. मी म्हटलं, आत्याबाई, चालू दे. चालू दिलं."

वकील आता डोळे पुसत होते. "एवढा वेळ घरच्यांना काही कळलं नाही?"

"घरी कशाला कळतंय?"

"पोरीची सायकल सकाळपासनं गायब. पोरगी कुठं होती?"

मी पाणी प्यायलो. तांब्या रिकामा होता, तरी प्यायलो.

"होती. घरी होती. झोपली होती. शर्यतीआधी आराम करावा लागतो." मी स्टूल जरा उजेडाकडं सरकवलं, मग परत होतं तिथं आणलं. "तर आता ऐका, खरी मजा पुढं आहे. परतीला मी पायवाट धरली. ती उतरत उतरत ओढ्यावर येते. मोठाले गोटे, घोटाभर पाणी. उताराला सायकल अशी सुटली की कान वाजायला लागले. पुढचं चाक दोन गोट्यांच्या मधे बसलं. साधं पेडल असतं तर पाय टाकून उभा राहिलो असतो. टाच फिरवली. फिरवली, फिरवली, आणि उजव्या खांद्यावर पाण्यात."

वैजूनं तारांचा पाना खाली ठेवला.

"लागलं का?" वकिलांनी विचारलं.

"मला काय लागतंय?" मी म्हटलं. "हसायला येत होतं. वर सायकल, खाली मी, पाय दोन्ही पेडलात तसेच. उलट्या किड्यासारखा. उठायला खांद्याचा जोर लागतो आणि खांदा तर..." इथं मी थांबलो. एरवी मी इथं थांबत नाही. एरवी या ठिकाणी एक खेकडा येतो, तो कानाला धरतो आणि माणसं हसतात. त्या दिवशी खेकडा आठवला नाही. "पाणी गार होतं. मार्चातसुद्धा त्या ओढ्याला गार पाणी असतं. हाक मारली तर वरच्या पायवाटेला ऐकू जात नाही."

"किती वेळ पडून होता?"

"दीड तास."

"मघाशी म्हणालात, सात तास पाय टेकला नाही."

"टेकला कुठं? पाय पेडलातच होते की!"

वकील मोठ्यानं हसले आणि मांडीवर थाप मारली. मला बरं वाटलं. मी पुढं रेटलं.

"मग एक धनगर आला, मेंढरं घेऊन. आधी त्याचं कुत्रं आलं. धनगरानं सायकल ओढून बघितली, पाय ओढून बघितला. त्याला हे जबड्याचं काही माहीत नाही. शेवटी त्यानं काय केलं, बुटांचे पट्टे सोडले आणि पाय तेवढे बाहेर काढले. बूट राहिले पेडलात, माणूस आला हातात! खांद्यावरची घोंगडी काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि रस्त्यापर्यंत उचलून आणलं."

"तुम्हाला? उचलून? त्या काळी तुमचं वजन काय असेल, आप्पा?"

"धनगर दणकट होता."

"त्याचं नाव?"

"विचारायचं राहिलं. मागनं दोनदा गेलो होतो मी त्या माळावर. भेटला नाही." हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. गोष्टीत हे नसतं. "तर घरी आलो, एलन की घेतली आणि दोन्ही स्क्रू पार सैल केले. म्हटलं, आता पोरीला द्यायला हरकत नाही. झाली ट्रायल."

वैजू तिच्या जागेवरनं उठली होती. काउंटरच्या पलीकडनं येऊन तिनं मधला, स्क्रूवाला जोड उचलला आणि खोक्यात घालायला लागली. उजव्या हातानं वरच्या फळीवर काही ठेवायचं असलं की ती डाव्याचा आधार घेते. खोकं फळीवर ठेवतानाही तसाच घेतला.

वकिलांना आता पेडलांचं भान राहिलं नव्हतं. ते पुढं वाकले. "आणि रविवारी? निवडीचं काय झालं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नव्हता. म्हशीपाशी नाहीतर खेकड्यापाशी माणसं हसतात, चहाचा कप ठेवतात आणि जातात. गोष्ट तेवढ्यावरच सुटते. मी वैजूकडं बघितलं. ती खोक्यावरचं झाकण बसवत होती, आणि झाकण बसलेलं असूनही तिचा हात तिथंच होता.

"रविवारी ना?" मी म्हटलं. "रविवारी काय, धमालच. असली सुटली वैजू! सैल पेडलं, पाय खट्‌ आत, खट्‌ बाहेर. पहिल्या चढाला सगळ्यांच्या पुढं. मी वरच्या वळणावर उभा राहून ओरडतोय. दुसऱ्या फेरीला तिची साखळी एकदा उतरली, तिथं गेली बघा मिनिटं. नाहीतर पहिलीच यायची. तरी चौथी आली. चौथी! तीन घेतल्या आणि ही चौथी. एवढ्यानं हुकलं, साहेब. साखळीनं घात केला. साखळीला काय करणार?"

"अरेरे," वकील म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "चौथी म्हणजे कमी नाही हो, वैजूताई. मला ठाऊकच नव्हतं, तुम्ही निवडीच्या शर्यतीत चौथ्या आला होता."

मी एलन कीकडं हात नेला. वैजूनं ती आधीच उचलली होती.

"साखळी उतरली नव्हती, आप्पा," ती म्हणाली.

"अगं, तुला आठवत नसेल, सोळा वर्षं..."

"मला सगळं आठवतंय. शुक्रवारी सकाळी तुम्ही सायकल सरळ केली आणि म्हणालात, 'जा, मार एक चक्कर, आता पाय सुटणार नाही.' मी गेले. तुम्ही अंगणात पान्यांचा डबा आवरत होता." तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला टायरची मापं सांगावीत तसं सांगत होती. "म्हैस नव्हती, टपरी नव्हती. ओढा होता. दीड तास बरोबर आहे. धनगर बरोबर आहे. खांदा माझा होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि रविवारी मी दवाखान्यात होते. तुम्ही खाटेजवळ उभे होता, आई स्टूल पुढं करत होती, आणि तुम्ही काही बसला नाहीत."

वकिलांनी कप उचलला, त्यात चहा नव्हता, परत ठेवला.

"वैजू, मी काय म्हणतोय..."

"म्हशीचं सांगा. गुलालाचं सांगा. मी इतकी वर्षं इथं बसून ऐकतेय, एकदाही अडवलं नाही. कारण त्यात तरी तुम्ही माझ्याआधी सायकलवर बसता." तिनं एलन की एप्रनच्या खिशात टाकली. "पण चौथा नंबर मला नको, आप्पा. मी त्या शर्यतीला उभीच राहिले नव्हते."